ते स्पिरिट आधी स्वयंपाकघरातून बाहेर काढा

पत्र (२०२० च्या करोना साथीतलं):

सिस्टर, नमस्कार. आमचं गाव कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडे. माझी थोरली जाऊ आशा कार्यकर्ती आहे. पुण्या-मुंबईहून, गोव्याहून कोण आलंय, कुणाला ताप-खोकला आहे, हे रोज घरोघर जाऊन लिहून आणते. तिला आरोग्य केंद्रातून दोन एन-९५ मास्क आणि सॅनिटायझरची एक लहान बाटली मिळाली होती. बाटली आठवड्यात संपली. खानापुरात मेडिकलवाले म्हणतात, माल नाही, आला की सांगतो. म्हणून धाकट्या भावोजींनी फर्निचरच्या शेडवरून पॉलिशचं पाच लिटर स्पिरिट आणलंय. मुलांचा हात पोचू नये म्हणून कॅन चुलीच्या वरच्या फळीवर ठेवलाय. मोबाईलवर एक कृती आली आहे: दोन वाट्या स्पिरिट, एक वाटी कोरफडीचा गर, चिमूटभर कापूर. करू का? दुसरं म्हणजे, जाऊबाईंचा एक मास्क मी रात्रभर डेटॉलच्या पाण्यात भिजवला, साबणाच्या पाण्यात खळबळला आणि उन्हात वाळवला. काही बिघडलं का? दुसरा कुकरमध्ये वाफवू का? आणि आमच्या बचत गटाकडे चारशे कापडी मास्क शिवायला आलेत, ते निर्जंतुक कसे करून द्यायचे?

उत्तर:

ताई, पत्र अर्ध्यावर वाचलं आणि माझा जीव त्या फळीवरच्या कॅनमध्ये अडकला. बाकीचं मागून वाचा. आधी उठा आणि तो कॅन स्वयंपाकघरातून बाहेर काढा. गोठ्यात ठेवू नका, तिथं वैरण असते. देवघराच्या खोलीतही नको, तिथं समई असते. घराबाहेर सावलीत, कुलूप लागेल अशा जागी ठेवा आणि भावोजींना सांगून शेडवर परत पाठवा.

इतकी घाई का, ते सांगते. स्पिरिटची वाफ चुलीपर्यंत पोचायला कॅन सांडावाच लागतो असं नाही. बूच सैल असलं, कॅनला बारीक चीर असली तरी पुरतं. ही वाफ हवेपेक्षा जड असते, फळीवरून खाली उतरते, आणि खाली तुमची चूल. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी हे डोळ्यांनी पाहिलंय. आमच्याकडच्या एका आयाबाईंनी हातांना स्पिरिट चोळलं आणि ओल्याच हातांनी स्टोव्हला काडी लावली. दिवसाउजेडी ती ज्योत दिसतसुद्धा नाही हो. आम्हाला आधी लव जळाल्याचा वास आला, मग त्यांची किंकाळी. दोन्ही हातांची कातडी सुटली होती. सॅनिटायझर विकतचं असो की घरचं, हात पूर्ण कोरडे होईपर्यंत चुलीजवळ, गॅसजवळ, निरांजनाजवळ जायचं नाही, हे घरातल्या प्रत्येकीला बजावून ठेवा.

आगीपेक्षा मोठी भीती त्या स्पिरिटमध्ये काय मिसळलंय याची आहे. पॉलिशचं, रंगकामाचं स्पिरिट कुणी पिऊ नये म्हणून त्यात मुद्दाम वाईट पदार्थ घातलेले असतात, आणि पुष्कळदा त्यात मिथेनॉल असतं. मिथेनॉल दिसायला, वासाला आपल्या नेहमीच्या अल्कोहोलसारखंच. पोटात गेलं की शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं, ते डोळ्यांच्या नसा जाळतं आणि माणूस मरतोही. १९८१ साली बेंगळुरूत विषारी दारूनं तीनशेवर माणसं गेली, २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर गेली, ती याच मिथेनॉलनं. तुम्ही म्हणाल, आम्ही कुठं पिणार आहोत? पण ते कातडीतूनही अंगात जातं, श्वासातूनही जातं, आणि जाऊबाई दिवसातून वीस-तीस वेळा ते हाताला चोळणार. शिवाय गावात कुणाची नजर त्या कॅनवर जाईल सांगता येत नाही. हे स्पिरिट गाळून, उकळून, कापूर घालून शुद्ध होत नाही. उकळायला तर कुणी जाऊच नये. चुकून कुणाच्या पोटात गेलं तर उलटी काढत, लिंबू-मीठ पाजत बसू नका, १०८ ला फोन करून थेट मोठ्या दवाखान्यात न्या. पहिले काही तास माणूस बरा दिसतो, त्यावर विसंबू नका.

आता त्या कृतीचा हिशेब करू. समजा भावोजींनी पॉलिशचं सोडून मेडिकलमधलं चांगलं ७० टक्क्यांचं स्पिरिट आणलं. दोन वाट्या ते आणि एक वाटी कोरफडीचा गर, म्हणजे तीन वाट्यांत अल्कोहोल उरलं ४७ टक्क्यांच्या आत-बाहेर. विषाणू मारायला निदान ६० टक्के लागतं. म्हणजे हात गार होतील, वास येईल, मऊही लागतील, पण हात साफ झाले हा समज तेवढा खोटा असेल. जाऊबाई त्याच भरवशावर पुढच्या घरी जाऊन बाळाला उचलून घेतील. घरी काढलेल्या कोरफडीच्या गरात स्वतःचेच जंतू असतात आणि तो दोन दिवसांत आंबतो. कापराचा इथं काही उपयोग नाही. दारूनं हात धुण्याचीही कल्पना कुणी काढील, तर बाटलीतल्या दारूत ४२.८ टक्के अल्कोहोल असतं, तेही पुरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची खरी कृती आहे, ती लपवण्यासारखी नाही. एक लिटरसाठी ९६ टक्क्यांचं इथेनॉल ८३३ मिली, किंवा ९९.८ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल ७५१ मिली. त्यात ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साईड ४२ मिली आणि ग्लिसरीन साडेचौदा मिली. मग उकळून गार केलेल्या पाण्यानं लिटरच्या खुणेपर्यंत भरायचं आणि झाकण लावून ७२ तास तसंच ठेवायचं. पेरॉक्साईड हातांसाठी नसतं, बाटलीत आणि पाण्यात राहिलेले बीजाणू मरावेत म्हणून असतं, आणि त्यासाठीच ते तीन दिवस. आपल्याकडे मेडिकलमध्ये पेरॉक्साईड बहुधा ६ टक्क्यांचं मिळतं, ते निम्मंच घ्यायचं. हे सगळं मोजपात्रानं, चूल नसलेल्या खोलीत, खिडक्या उघड्या ठेवून. खरं सांगू? हे चुलीशेजारी वाटी-चमच्यानं करायचं काम नाही. जाऊबाईंच्या आरोग्य केंद्रातले औषधनिर्माते करू शकतात, त्यांच्यापुढे हे आकडे ठेवा. आपल्या जिल्ह्यात उसाला आणि कारखान्यांना तोटा नाही. मार्च २०२० मध्ये साखर कारखान्यांना आणि डिस्टिलऱ्यांना सॅनिटायझर करायची परवानगी मिळाली, तेव्हा माल येईल. आला की भाव बघून घ्या. सरकारनं २०० मिलीच्या बाटलीला १०० रुपये आणि तीन पदरी मास्कला १० रुपये ही कमाल किंमत ३० जून २०२० पर्यंत ठरवून दिली होती. अवाच्या सवा मागितलं तर पावती मागा.

आणि आणलेलं सॅनिटायझर कधीही पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरू नका. तहानलेलं पोर चिठ्ठी वाचत नाही.

पण ताई, घरात सॅनिटायझर हवंय कशाला? तुमच्या दारात पाणी आहे, साबण आहे. मी तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढली, आणि बाटली आणि साबण यांतलं एकच निवडायला सांगितलं तर मी साबणच उचलीन. करोनाच्या विषाणूच्या अंगावर चरबीचं पातळ वेष्टण असतं. तुपाचा हात नुसत्या पाण्यानं धुतला तर तूप पसरतं, साबण लावला की सुटतं. साबण त्या वेष्टणाचे असेच तुकडे करतो आणि विषाणू तिथंच संपतो. दहा रुपयांची वडी घरातल्या सगळ्यांना कितीतरी दिवस पुरते. हाताला माती, शेण, तेल असलं तर सॅनिटायझर नीट काम करत नाही, साबण करतो. जुलाबाच्या काही जंतूंवरही साबणच बरा.

धुताना मात्र घाई नको. नव्या मुली थिएटरला आल्या की मी त्यांच्या मागे उभी राहून बघायची. तळहात सगळ्याच घासतात. राहतो तो अंगठा, राहतात नखांच्या कडा आणि बोटांच्या बेचक्या. आपल्या बायकांचं आणखी एक राहतं, बांगड्यांखालचं मनगट. बांगड्या कोपराकडे सरकवा, मनगटाला साबण लावा, पाणी सोडा, मग बांगड्या खाली घेऊन त्याही फिरवून धुवा. सगळं मिळून वीस सेकंद. पाणी कमी असेल तर साबण चोळेपर्यंत तांब्या खाली ठेवा, पाणी फक्त शेवटी लागतं. बाहेरून आल्यावर पाय धुऊन घरात शिरायची आपली रीत आहेच, दाराशी हंडा आणि तांब्या असतोच. तिथं एक साबण दोरीला बांधून ठेवा. तांब्याला धुतलेला हात लावायचा की न धुतलेला, हा प्रश्न येईल. लहान मुलाला पाणी ओतायला उभं करा, त्याला कामही होईल.

म्हणजे सॅनिटायझर उरलं एकट्या जाऊबाईंसाठी. दोन घरांच्या मध्ये, रस्त्यात, जिथं साबण-पाणी मिळत नाही तिथं. पर्समध्ये साबणाचे पातळ काप कागदात गुंडाळून ठेवले आणि ज्या घरी जाईल त्या अंगणातच हात धुतले तर बाटली आठवड्याऐवजी तीन आठवडे जाईल. आशाताईनं अंगणात पाणी मागितलं तर खानापूर तालुक्यात कुणी नाही म्हणणार नाही, हे मला माहीत आहे.

आता मास्क. जो भिजवला, तो गेला. वाईट वाटून घेऊ नका, चांगल्या मनानं केलंत, पण जाऊबाईंना आजच स्पष्ट सांगा, कारण तो दिसायला पहिल्यासारखाच आहे आणि धोका तिथंच आहे. एन-९५ च्या मधल्या पदरात पॉलिप्रॉपिलीनचे अतिशय बारीक तंतू असतात आणि त्यांत विद्युतभार भरलेला असतो. थंडीत सिंथेटिक साडी पायाला चिकटते ना, त्याच ओढीनं हे तंतू हवेतले सूक्ष्म कण धरून ठेवतात. ०.३ मायक्रॉनचेसुद्धा निदान ९५ टक्के कण अडकतात, म्हणून नावात ९५. जाळी एवढी दाट नसतेच, काम त्या भाराचं असतं. म्हणून तर त्यातून श्वास घेता येतो. साबण, सोडा, स्पिरिट, सॅनिटायझर यांतलं काहीही लागलं की तो भार उतरतो. वर मास्क तोच, नाड्या त्याच, आतली ओढ गेलेली. डेटॉलचा वास येतो म्हणजे ते रसायन अजून त्यात आहे आणि जाऊबाईंच्या छातीत जातंय. तो मास्क कुणाला वापरायला देऊ नका. कापून टाका, म्हणजे चुकून पुन्हा खुंटीवर जाणार नाही.

दुसरा कुकरमध्ये घालू नका. शिटीच्या दाबानं आणि वाफेनं त्याची इलॅस्टिकं सैल होतील, नाकावरचा आकार बिघडेल, आणि कडेनं हवा शिरली की ९५ चा आकडा नुसता नावाला. इस्त्रीही नको, तंतू वितळतात. कडक ऊन नको: उन्हातली जी किरणं जंतू झटकन मारतात ती वातावरणातच अडतात, जमिनीपर्यंत येत नाहीत, आणि इलॅस्टिक मात्र उन्हानं कुजतं. मोठ्या दवाखान्यांत ७० अंशांच्या कोरड्या उष्णतेत अर्धा तास ठेवणं, पेरॉक्साईडची वाफ देणं, असले उपाय २०२० मध्ये झाले, पण त्यांना मोजून तापमान धरणारं यंत्र लागतं. तव्यावर ७० अंश कुणाला ठरवता येत नाहीत. ब्लीचिंग पावडरच्या पाण्याचंही कुणी सुचवील. ते फरशीला, संडासाला ठीक. नाका-तोंडावर येणाऱ्या वस्तूला नाही. आणि ब्लीचिंग पावडर संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये कधीच मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो आणि छाती जाळतो.

मग करायचं काय? वाट बघायची. या मास्कला स्वच्छ करणारी तुमच्या घरातली एकमेव गोष्ट म्हणजे दिवस. मार्च २०२० मध्ये छापून आलेल्या तपासणीत हा विषाणू प्लास्टिकवर ७२ तासांपर्यंत सापडला. या तंतूंत भार भरण्याची पद्धत ज्यांनी शोधली ते शास्त्रज्ञ पीटर त्साई हेही २०२० मध्ये हेच सांगत होते: मास्क आळीपाळीनं वापरा, मधले दिवस त्याला मोकळं ठेवा. किराणा दुकानातली खाकी कागदी पिशवी घ्या. प्लास्टिकची नको, आत दमटपणा राहतो. पिशवीवर वार लिहा आणि पोरांपासून दूर खुंटीला टांगा. एकदा घातलेला मास्क निदान चार-पाच दिवस पिशवीतच. काढताना पुढचा भाग धरायचा नाही, मागच्या पट्ट्या धरून काढायचा, पिशवीत सोडायचा आणि हात धुवायचे. असा पाच वेळा वापरून झाला, किंवा त्याआधीच ओला झाला, मळला, पट्ट्या सैल झाल्या, तर फेकायचा. घातल्यावर दोन्ही हात मास्कवर हलके ठेवून जोरात श्वास सोडायला सांगा. कडेनं डोळ्यांकडे हवा लागली तर तो नीट बसलेला नाही.

तुम्ही म्हणाल, एक मास्क आणि आठवड्याचे सहा दिवस, बसवायचं कसं? घरोघरच्या पाहणीसाठी आशांना तीन पदरी मास्क आणि हातमोजे द्यावेत, आणि त्यांनी निदान एक मीटर अंतर ठेवावं, असं केंद्राच्याच आरोग्य खात्याच्या मार्च २०२० च्या सूचनेत होतं. रोजच्या फेरीला तीन पदरी मास्क, उंबऱ्याबाहेर उभं राहून चौकशी, माणूस अंगणात आणि आपण वाटेवर. राहिलेला एन-९५ राखून ठेवायचा तो खोकणाऱ्या माणसाजवळ, कोंदट खोलीत जावंच लागलं तर त्या दिवसासाठी. आणि तीन पदरी मास्क, हातमोजे, सॅनिटायझर हे मागायला तिनं लाजायचं नाही. वैद्यकीय अधिकाऱ्यांना साधा अर्ज करावा, किती मिळाले, कधी संपले, किती घरं रोज होतात हे लिहावं, आणि एक प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्यावी. कन्नडमध्ये लिहिलेला अर्ज लवकर हलतो, म्हणून कुणाकडून तरी कन्नडमध्ये करून घ्या. तोंडी मागणी कागदावर येत नाही, आणि कागदावर नसलेला माल वरून येत नाही. तिच्या जिवाचा प्रश्न आहे, यात भीड कसली?

तुमच्या गटाच्या चारशे मास्कांचं मात्र मला फार बरं वाटलं. आमच्या वेळी, ऐंशीच्या दशकात, थिएटरमधले मास्क कापडाचेच असायचे, मलमलचे, चौपदरी, चार नाड्यांचे. ऑपरेशन झालं की धोब्याकडे जायचे, घड्या होऊन पत्र्याच्या ड्रममध्ये भरायचे आणि १२१ अंशांच्या वाफेत निघायचे. उसवलेली नाडी आम्हीच रात्रपाळीत शिवायचो. तेव्हा कापड धुवायला आणि उकळायला भ्यायचं कारण नाही. धुणं, उकळणं, ऊन, इस्त्री, एन-९५ ला जे चालत नाही ते कापडाला चालतं.

सुती, घट्ट विणीचं कापड घ्या, तीन पदर करा. तोंडासमोर धरून मेणबत्तीवर फुंकर मारा. ज्योत सहज विझली तर कापड विरळ आहे. इलॅस्टिक मिळालं नाही, तर त्याच कापडाच्या नाड्या करा, त्या जास्त टिकतात. मधोमध उभी शिवण घेऊ नका, टिपेच्या भोकांतून हवा जाते, चुण्या घाला. कापड आधी एकदा धुऊन वाळवून मग बेता, नाहीतर पहिल्याच धुण्यात मास्क आटेल. शिवून झाले की 'निर्जंतुक' असं लिहू नका, ते आपल्याला घरी करता येणार नाही आणि त्याची गरजही नाही. साबणाच्या गरम पाण्यात धुवा, कडक उन्हात पाच तास वाळवा, इस्त्री करा, हात धुऊन घड्या घाला. बस. ज्याच्या घरी जाईल त्यानं वापरण्याआधी पुन्हा धुवावा.

रोजच्या वापरातल्या मास्कसाठी कुकर खुशाल वापरा. पाण्यात थोडं मीठ, दहा मिनिटं दाब, किंवा कुकर नसेल तर पातेल्यात १५ मिनिटं उकळी. कुकर गच्च भरू नका आणि मास्क झाकण असलेल्या डब्यात घाला. कापडाचा कोपरा शिटीच्या भोकात अडकला तर कुकर फुटू शकतो.

आता वळीव सुरू झालेत, पुढं मृग आला की तुमच्या भागात आठ-आठ दिवस ऊन दिसणार नाही. तेव्हा चुलीवरच्या दोरीवर मास्क वाळत घालायचा मोह होईल. धुराचा मास्क तोंडावर बांधला तर खोकला त्यानंच येईल, आणि जाऊबाई तुमचंच नाव यादीत लिहितील. माणशी तीन मास्क ठेवा: एक तोंडावर, एक दोरीवर, एक कोरडा. ओलसर राहिला तर गरम इस्त्री फिरवा, सादळलेला घालू नका. पाकिटात धुण्याची चिठ्ठी घाला, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. गटातल्या कुणाची तरी मुलगी कन्नड छान लिहीत असेल, तिच्याकडून लिहून घ्या.

आणि एकत्र घरात सगळे मास्क एकसारखे दिसतात, म्हणून आजोबांच्या कोपऱ्याला लाल दोऱ्याचा टाका घाला, आजीच्या हिरव्या, पोरांच्या पिवळ्या, म्हणजे घाईत एकाचा दुसऱ्याच्या तोंडावर जाणार नाही.